चौदा नंबरची खुंटी

रविवारी सकाळी साडेसातला मोजणीदारांनी गाडीच्या डिकीत पंचवीस लाकडी खुंट्या, एक हातोडी, तीस मीटरची टेप, लाल कापडाच्या चिंध्या आणि एक जाडजूड वही भरली आणि मग बायकोला विचारलं, दगड ठेवायला काही घेतलंयस का. तिने कापडी पिशवी दाखवली. मोजणीदार पिशवीकडे बघून ‘ठीक आहे’ म्हणाले. गेल्या चार महिन्यांत त्यांची गाडी ‘ठीक आहे’च्या पुढे फारशी गेलीच नव्हती.

छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजण्यात घालवलेला हा माणूस चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाला. पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वतःचं घर मोजून काढलं. स्वयंपाकघराचा एक कोपरा पाऊण इंचाने काटकोनात नाही हे सिद्ध झालं, त्याचं दोन दिवस समाधान टिकलं, आणि मग मोजायला काही उरलं नाही. तेव्हापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. जेवायला हाक मारली की येत, झोपायला सांगितलं की झोपत. इतका शहाण्यासारखा वागणारा नवरा बघून कुठल्याही बायकोची झोप उडेल.

मुलगा दुसऱ्या शहरात असतो. तो येऊन दोन दिवस राहिला, वडिलांना खुर्चीत बघितलं आणि म्हणाला की आता तुम्ही दोघं माझ्याकडेच चला. अकराव्या मजल्यावर उजेडाची स्वतंत्र खोली, लिफ्ट, खाली बाग, सगळं आहे. मोजणीदार ‘ठीक आहे’ म्हणाले. मुलगा गुणाचा, सून त्याहून गुणाची, नाव ठेवायला कुठे जागा नाही, आणि हीच खरी पंचाईत होती. कारण बायकोला जायचं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांचं घर, भिंतीपलीकडून हाक मारणाऱ्या शेजारणी, स्वतःच्या हाताला सवयीची झालेली प्रत्येक कडी. हे सगळं सोडून अकराव्या मजल्यावर पाहुण्यासारखं नीटनेटकं बसायचं, या विचारानेच तिला धाप लागे. तिने मुलाला एकीकडे घेऊन सांगितलं, “मला एक महिना दे. त्यांना कसला तरी छंद लावते. नाही लागला, तर तू म्हणशील तसं.”

महिना कुणासाठी थांबतो? पहिल्या आठवड्यात बागकाम झालं. मोजणीदारांनी सगळ्या कुंड्या दोरी लावून एका रेषेत मांडल्या आणि परत खुर्चीत जाऊन बसले. दुसऱ्या आठवड्यात गाण्याचा क्लास. तिथे त्यांनी गुरुजींना, यात शेवट कधी येतो, असं विचारलं आणि गुरुजींनीच पुन्हा बोलावलं नाही. मग कुठल्याशा प्रदर्शनात तिने तळ्याकाठचे दगड घासूनपुसून काचेच्या कपाटात मांडलेले पाहिले आणि बुडत्याने धरावं तसं दगडांना धरलं. मागच्या रविवारी ते तळ्यावर जाऊनही आले होते. ती दगड दाखवी, ते ‘ठीक आहे’ म्हणत. तिला स्वतःला एका दगडापासून दुसरा ओळखू येत नव्हता, पण प्रत्येक दगडाला ‘अगंबाई, काय सुंदर’ म्हणून म्हणून तिचा घसा बसला. आज शेवटचा रविवार होता. संध्याकाळी सहाला मुलाचा फोन येणार होता, आणि उद्या तो तिकडची खोली रंगवायला काढणार होता.

म्हणूनच आदल्या दिवशी मोजणीदारांनी आपण होऊन माळ्यावरून जुन्या खुंट्या काढल्या, तेव्हा तिचं काळीज सुपाएवढं झालं. ते म्हणाले होते, “दगड उचलला की त्याची जागा हरवते. नोंद पाहिजे.” चार महिन्यांतलं त्यांचं हे सगळ्यात मोठं भाषण. लागला, दगडांचा नाद लागला, असं मनाशी म्हणत ती रात्री गाढ झोपली.

तळ्यावर पोचल्या पोचल्या पद्धत ठरून गेली. तिने दगड उचलायचा. त्या जागी मोजणीदारांनी खुंटी ठोकायची, तिला लाल चिंधी बांधायची, नंबर घालायचा, मागच्या खुंटीपासूनचं अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं. तिसऱ्या खुंटीपर्यंत ते रंगात आले. चौथ्या दगडाला ती वाकली तर ते लांबून म्हणाले, “तो नको. तो लाइनीच्या बाहेर आहे.” तो बरा होता बिचारा, त्यावर पांढरी रेघबिघ होती. पण तिने तो गुपचूप खाली ठेवला आणि लाइनीतला एक मातकट गोटा उचलून, काय सुंदर, म्हणाली. दहा वाजेपर्यंत तळ्याच्या काठाने आठ लाल चिंध्या एका सरळ रेषेत फडफडायला लागल्या होत्या.

काठावर एक बोटवाला होता. पत्र्याची शेड, चार होड्या आणि पायाने चालवायच्या दोन बोटी एवढा त्याचा पसारा. आठवी खुंटी त्याच्या शेडच्या बरोब्बर समोर आली तेव्हा तो हात पुसत बाहेर आला. मोजणीदार एक डोळा मिटून रेषा बघत होते, त्यांना विचारायची त्याची छाती झाली नाही. त्याने बाईंना विचारलं, “काकू, हे काय चाललंय?”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या काकूंनी तीस वर्षं नगरपालिकेच्या चौकशीच्या खिडकीत काढली होती. गल्लीत त्यांना अजून चौकशीताई म्हणतात. त्या खिडकीत बसणाऱ्याला दोन गोष्टी कधी करायच्या नसतात: माहीत नाही असं म्हणायचं नाही आणि माहीत असेल ते सांगायचं नाही. तीस वर्षांत ते इतकं अंगात मुरलं होतं की घरी ‘भाजी झाली का’ विचारलं तरी ‘प्रक्रिया चालू आहे’ असं उत्तर येई. तेव्हा बोटवाल्याने विचारलं आणि त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, “नोंद चालू आहे. काम पूर्ण झालं की कळवण्यात येईल.”

बोटवाल्याने हळूच विचारलं की यात शेड जाते का. चौकशीताई म्हणाल्या, “त्याबद्दल आत्ताच काही सांगता येणार नाही.” दोन्ही उत्तरं शंभर टक्के खरी होती. बोटवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

पुढच्या अर्ध्या तासात शेडमधून एक खुर्ची आली, पाठोपाठ एक मोठी छत्री आली, मग कपबशीतून चहा आला. साहेब उन्हात उभे आहेत ते बरं दिसत नाही, असं बोटवाल्याचं म्हणणं पडलं. शेडच्या पलीकडे रोपवाटिका होती. तिच्या मालकीण, रोपवाल्या बाई, गेली अकरा वर्षं बोटवाल्याशी बोलत नव्हत्या, कारण दोघांच्या मधली एक चिंचोळी पट्टी दोघांच्याही मते स्वतःची होती. पण शत्रूच्या दारात खुर्ची आणि छत्री लागलेली बघून त्यांना घरात बसवेना. त्या दोन बहरलेल्या कुंड्या घेऊन आल्या, कुंड्या चौकशीताईंच्या पायाशी ठेवल्या आणि म्हणाल्या की तळ्याभोवती रस्ता होणार हे त्यांनी आत्ताच ऐकलं, रस्ता झाला तर चांगलंच आहे, फक्त तो शेडच्या बाजूने घ्यावा.

रस्ता हा शब्द ऐकून चौकशीताई भानावर आल्या. आपल्या जिभेने काय घोळ घालून ठेवला आहे हे त्यांच्या लक्षात आलं. अहो, आम्ही दगड वेचायला आलोय, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलंही. पण त्याच वेळी त्यांची नजर नवऱ्याकडे गेली. मोजणीदार बोटवाल्याला टेप ताणून कशी धरायची ते शिकवत होते. पाठ ताठ होती, आवाज खणखणीत होता, आणि “झोल पडतोय, झोल, ताणून धरा” असं ते ज्या हक्काने म्हणत होते तो हक्क चार महिन्यांपूर्वी ऑफिसच्या दारात गळून पडलेला तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तिने उघडलेलं तोंड मिटलं. एक तासभर, फक्त एक तासभर असंच राहू दे, मग मी सगळ्यांची माफी मागेन, असं तिने स्वतःला बजावलं. माणूस स्वतःलाही असंच खिडकीतून उत्तर देतो.

त्या तासात मोजणीदारांनी चौदा नंबरची खुंटी ठोकली, आणि ती नेमकी काठावरच्या एका बंगल्याच्या फाटकासमोर.

बंगलेवाल्यांचं तारेचं कुंपण हे त्या काठावरचं एक नवल होतं. ते चालायचं. दर वर्षी पाणी ओसरलं की ते तळ्याच्या दिशेने दोनतीन पावलं पुढे सरकायचं आणि त्याच्यामागे हिरवळ सरकायची. त्यापायी बोटवाल्याची पाण्यापर्यंत जायची वाट बंद झाली होती आणि बिचारा चार होड्या रोज लांबून ओढत आणत होता. बंगलेवाल्यांनी सज्जातून लाल चिंधी पाहिली आणि नगरपालिकेतल्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. तो सुट्टीच्या दिवशी झोपेतून उठून म्हणाला की मला काहीच कल्पना नाही. ओळखीच्या माणसालाही कल्पना नाही म्हणजे प्रकरण फारच वरचं आहे, असं बंगलेवाल्यांनी ताडलं. त्यांनी माळ्याला हाक मारली, दोघांनी मिळून कुंपणाचे खांब उपटायला सुरुवात केली, आणि दुपारी एक वाजता कुंपण हिरवळीसकट पंधरा फूट मागे जाऊन उभं राहिलं.

मोजणीदारांनी वहीतून मान वर करून बायकोला विचारलं की ते लोक काय करताहेत. साफसफाई, ती म्हणाली. मग दोघांनी छत्रीखाली डबा खाल्ला. मोजणीदारांनी न सांगता दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि तिची पोळी अर्धीच राहिली.

बावीस नंबरची खुंटी ठोकून होते न होते तोच बंगलेवाले स्वतः चालत आले. हाताला माती, कपाळाला घाम. त्यांनी अतिशय अदबीने सांगितलं की आपण कुंपण आपणहून मागे घेतलं आहे, तेवढं साहेबांनी कागदावर लिहून घ्यावं.

“कशात लिहू?” मोजणीदारांनी विचारलं.

“या वहीत. तुमची सरकारी नोंद चाललीय ना.”

मोजणीदारांनी छत्तीस वर्षांत एका इंचाची लबाडी केली नव्हती. ते म्हणाले, “ही दगडांची वही आहे. आम्ही दगड गोळा करतो.” आणि खात्री पटावी म्हणून त्यांनी कापडी पिशवी बंगलेवाल्यांच्या पायाशी उपडी केली. बावीस मातकट गोटे गवतावर घरंगळले. बंगलेवाल्यांनी गोट्यांकडे बघितलं, मग चिंध्यांच्या रांगेकडे, मग स्वतःच्या हातांकडे.

“आणि रस्ता?” त्यांनी विचारलं.

“कुठला रस्ता?”

बंगलेवाल्यांनी बोटवाल्याकडे पाहिलं, बोटवाल्याने रोपवाल्या बाईंकडे, आणि मग तिघांनी चौकशीताईंकडे. मोजणीदारांनीही पाहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या खिडकीतून सरळ उत्तर आलं. “माझी चूक झाली,” ती म्हणाली. “मी आधीच सांगायला हवं होतं. यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.”

मग व्हायचं ते झालं. बंगलेवाल्यांनी आवाज चढवला. ही फसवणूक आहे, तक्रार करीन, म्हाताऱ्या माणसांनी लाज बाळगावी, असं बरंच काही ते बोलले. कुंपण पुन्हा होतं तिथे लावायला त्यांनी माळ्याला फर्मावलं. माळी, ज्याची कंबर अजून सरळ झाली नव्हती, जमिनीवर बसला होता तो उठला नाही. मोजणीदारांनी वही मिटली आणि बावीस नंबरची खुंटी उपटली. मग एकवीस. मग वीस. पाठ पुन्हा वाकली होती. चौकशीताईंना ते बघवेना. संपलं, तिला वाटलं. आता खुर्ची, आणि ती खुर्चीसुद्धा अकराव्या मजल्यावर. मी नवऱ्याला माणसांत आणायला निघाले आणि त्याची शोभा करून बसले, याचं तिला इतकं वाईट वाटलं की ती गवतात बसून उगाचच गोटे पिशवीत भरायला लागली.

पंधरा नंबरची खुंटी निघाली आणि चौदा नंबरपाशी बोटवाला आडवा आला. मघापासून तो काहीतरी विचार करत होता.

“साहेब, दगडांचं राहू द्या. तुम्ही खरे मोजणीदार आहात ना?”

“होतो.”

“मग यांचं कुंपण खरं कुठे पाहिजे, ते तुम्हाला कळेल?”

मोजणीदार म्हणाले की आपण निवृत्त आहोत, त्यामुळे अधिकृतपणे काहीच सांगू शकत नाही. बोटवाला म्हणाला की अनधिकृतपणे सांगा, आम्ही सहा वर्षं अर्ज करतोय, अजून अधिकृत कुणी फिरकलेलं नाही. मोजणीदारांनी चौदा नंबरच्या खुंटीकडे घातलेला हात आवरला. मग म्हणाले, “नकाशा आहे?”

नकाशा होता. बोटवाल्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता. रोपवाल्या बाईंचा त्याहून जुना, पेटीत तळाशी होता. बंगलेवाल्यांनी, असल्या फालतू प्रकाराशी माझा संबंध नाही, असं जाहीर केलं आणि आपल्या पाठीमागे आपली जमीन मोजली जाईल या भीतीने पाच मिनिटांत आपलेही कागद घेऊन आले. मोजणीदारांनी तिन्ही नकाशे छत्रीखाली पसरले, त्यावर चार कोपऱ्यांना चार गोटे ठेवले, चष्मा पुसला, आणि एकदम कडाडले की टेप कुठे आहे आणि सगळे असे बघत काय उभे आहेत.

चार वाजता पहिला निकाल लागला. ज्या पट्टीवरून बोटवाला आणि रोपवाल्या बाई अकरा वर्षं बोलत नव्हते ती दोघांचीही नव्हती. ती तळ्यावर जाणारी सार्वजनिक पायवाट होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा रोपवाल्या बाई बोटवाल्याला म्हणाल्या की अहो, मग आपण भांडत होतो कशासाठी. साडेपाचला दुसरा निकाल लागला. बंगलेवाल्यांचं कुंपण नऊ फूट पुढे होतं. पण भीतीच्या भरात त्यांनी ते पंधरा फूट मागे नेलं होतं, म्हणजे त्यांची स्वतःची हक्काची सहा फूट जमीन बाहेर राहिली होती. बंगलेवाल्यांनी ती ताबडतोब परत मागितली. बोटवाला आणि रोपवाल्या बाई म्हणाले, आपणहून सोडली ती सोडली. अकरा वर्षांचे वैरी एका बाजूला, बंगलेवाले दुसऱ्या बाजूला आणि मधोमध मोजणीदार.

ते दोन्ही बाजूंशी भांडत होते. नऊ म्हणजे नऊ, सहा फूट त्यांचेच आहेत, मी असताना इथे कुणाचा एक इंच इकडचा तिकडे होणार नाही, असं ते ओरडून सांगत होते. चेहरा लालबुंद झाला होता, केस उभे राहिले होते, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती. तितक्यात सहा वाजले आणि फोन वाजला.

“आई, मी उद्या रंगाऱ्याला बोलावतोय,” मुलगा म्हणाला. “बाबा काय करताहेत?”

“भांडताहेत,” ती म्हणाली.

मुलगा घाबरला. कुणाशी, का, त्यांना आधी तिथून बाजूला घे, असं भराभर बोलायला लागला. “असू दे रे,” ती म्हणाली. “तीन माणसांशी एकदम भांडताहेत. तू ऐकायला पाहिजे होतंस.” तिने फोन त्या दिशेला धरला. मग मोजणीदारांचंच तिकडे लक्ष गेलं. त्यांनी सगळ्यांना हाताने थांबवलं, येऊन तिच्या हातातून फोन घेतला आणि चिखलाचा हात पँटला पुसत मुलाशी बोलायला लागले.

“हे बघ, खोलीचं राहू दे. मला जमायचं नाही. परवा बोटवाल्याच्या मेव्हण्याची जागा बघायचीय, गुरुवारी रोपवाल्या बाईंच्या बहिणीची. लोक वर्षानुवर्षं अडून बसलेत. आणि मुख्य म्हणजे तुझी आई तिकडे रमणार नाही.”

मुलाने विचारलं असावं की आईला काय अडचण आहे. मोजणीदारांनी आवाज खाली आणला, पण आयुष्यभर शेतं ओलांडून बोललेल्या माणसाचा खालचा आवाज तो, तो तिला लख्ख ऐकू आला.

“अरे, तिला दगडांचं वेड लागलंय. इतकी खूश असते, प्रत्येक दगडाला सुंदर सुंदर म्हणते. मला तर सगळे सारखेच दिसतात, पण तिचं मन रमतंय म्हणून मी येतो खुंट्या घेऊन. ती आनंदात आहे तोवर तिला इथून हलवायची नाही. अकराव्या मजल्यावर कुठले आलेत दगड?”

फोन तिच्या हातात देऊन ते परत सहा फुटांच्या दिशेने निघून गेले. तिकडून मुलगा विचारत होता की आई, हे दगडांचं खरं आहे का, तू कधी बोलली नाहीस. चौकशीताईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या की हो, खरं आहे, लहानपणापासूनच आहे, आणि गवतात उरलेला शेवटचा मातकट गोटा उचलून त्यांनी पिशवीत टाकला. मोजणीदार आता लोकांच्या जमिनींत गुंतले होते, तेव्हा येत्या रविवारपासून दगड त्यांना एकटीलाच वेचायचे होते, दर रविवारी, बहुतेक जन्मभर. गुडघे आत्ताच बोलायला लागले होते, पण चौकशीताईंची काही तक्रार नव्हती.